दोन हजार लिटरची सावली

आमचे बाबा, बबन गजभिये, सकाळी उठल्यावर आधी मोबाइलवर कच्च्या तेलाचा भाव बघतात आणि मग चूळ भरतात. भाव चढला असेल तर चुळीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि पाठोपाठ बाबा येतात. "बेबी, मी काय म्हटलं होतं? पंधरा दिवसांत पेट्रोल वाढते का नाही बघ." आई पोळी उलटत म्हणते, "वाढू द्या. तुम्ही काय विहीर खोदून ठेवली आहे का?"

विहीर नाही, पंप नाही, तेल कंपनीचा एक शेअरसुद्धा नाही. आहे ती एक स्कूटर, माझ्याच वयाची, म्हणजे सोळा वर्षांची, आणि माझ्यासारखीच सकाळी उठायला कुरकुर करणारी. तरी आखातात कुठे जहाज अडलं की बाबांचा चेहरा असा उजळतो की जणू आडवं जाऊन यांनीच ते थांबवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी बाबा उमरेडहून लखनऊला आले, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, स्टोअर्समध्ये. सरोजिनी नगरला घर घेतलं, पण ते तात्पुरतं. "रिटायर झालो की नागपूर," हे वाक्य मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकते आहे. नागपूरला प्लॉट आहे, त्यावर बाभळी आहेत. इथल्या घराला बाहेरून रंग नाही, कारण आपण कुठे इथे राहणार. गेट गंजलंय, कारण आपण कुठे इथे राहणार. आईने एकदा अंगणात आंबा लावायचा म्हटलं तर बाबा म्हणाले, "कुंडीत लाव. नेता येईल."

पैसा एफडीत आणि ज्ञान फायलीत. निळी फाइल, वर 'ऊर्जा' असं बाबांच्या हातचं मोठं अक्षर. आत वीस वर्षांची कात्रणं: तेल, कोळसा, पवनचक्क्या, सरकारच्या योजना, कोणत्या कंपनीत पैसे घालावेत आणि कोणत्यात नाही. रविवारी विहारात वंदना झाली की चहाच्या वेळी बाबा सुरू होत. "पुढची वीस वर्षं सूर्याची आहेत, लिहून ठेवा. छत आपलं, ऊन फुकटचं, सरकार वरून सबसिडी देऊन राहिलं, अन् तुम्ही लोक एफडी करून बसले!" सगळे माना डोलवायचे. बुद्धभूषणकाका खरंच लिहून ठेवायचे. त्यांनी बाबांच्या सांगण्यावरून एका सोलर कंपनीचे शेअर घेतले आणि दोन वर्षांत गाडी घेतली. बाबा त्या गाडीत आजवर बसलेले नाहीत. म्हणतात, मागची सीट अरुंद आहे.

सतीश रामटेकेकाका मात्र कधी काही लिहायचे नाहीत. नुसते ऐकायचे. ते बाबांच्याच कार्यालयात, बाबांना दोन वर्षांनी ज्युनिअर, हिंगणघाटचे, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. आमचं घर दक्षिणेला, त्यांचं उत्तरेला. दोन गच्च्यांच्या मध्ये गुडघ्याएवढा कठडा. वीस वर्षं सकाळी त्या कठड्यावरून "जय भीम, भाऊ" आणि "जय भीम, सतीश" चाललेलं. एका रविवारी त्यांनी विचारलं, "भाऊ, मग तुम्ही केव्हा लावता सोलर?"

"मी? मी कुठं इथं राहणार आहे?"

"मग फाइल दोन दिवस देता का मले?"

बाबांनी दिली. आठवड्याने परत आली, प्लास्टिकचं नवीन कव्हर घालून. मार्चमध्ये सतीशकाकांच्या गच्चीवर सहा निळे पॅनल बसले आणि आमच्या घराचं पोट दुखायला लागलं.

एप्रिलचं बिल घेऊन काका कठड्यावर आले. "भाऊ, बघा. नुसता फिक्स चार्ज."

बाबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "पहिला महिना आहे. मीटर नवीन आहे ना, गडबड करतं."

मे महिन्यात मीटरने पुन्हा तीच गडबड केली. मग काकांनी बॅटरीची स्कूटर घेतली आणि सुट्टीच्या दिवशी उन्हात चार्जिंगला लावायला लागले. पेट्रोल वाढल्याचं बाबा अजूनही सगळ्यांत आधी सांगत, पण आता सतीशकाका मान हलवून म्हणत, "हो का? मले माहीतच नव्हतं, भाऊ." बाबा घरी येऊन म्हणाले, "त्या गाडीला आवाज नाही. चोरासारखी येते."

जूनमध्ये आई भेंडी निवडायला मालिनीकाकूंकडे जायला लागली. एवढी भेंडी आमच्याकडे कधी झाली नव्हती. दुपारभर त्यांच्या एसीत बसायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची, "काय गार असतं गं त्यांच्याकडे! मालिनी म्हणाली, चालू ठेवायला काही लागतच नाही." बाबा पंख्याखाली बनियनवर बसलेले. "सर्दी होईल," म्हणायचे. मीही गृहपाठ घेऊन दोनदा गेले. तिसऱ्यांदा निघाले तर म्हणाले, "तूसुद्धा?" मी म्हटलं, "बाबा, बहुत गर्मी है यार." रात्रीच्या वरणात त्यांना मीठ कमी लागलं.

त्या उन्हाळ्यात बाबांना एकच सुख होतं. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, सरकारी तारेत वीज नसली तर ते आपली वीज सोडत नाही. बाबांना हे फाइलीतून माहीत होतं. त्यामुळे दुपारी लाइट गेली की सगळी गल्ली "अरे यार" म्हणायची आणि आमचे बाबा अंधाऱ्या खोलीतून ओरडायचे, "गेली! त्याचीही गेली!"

पण खरी जखम एसीची नव्हती आणि बिलाचीही नव्हती. विहारात चहाच्या वेळी लोक आता सतीशकाकांना विचारायला लागले होते. कोणती कंपनी, किती किलोवॅट, फॉर्म कुठे भरायचा. जो माणूस वीस वर्षं नुसता ऐकत होता तो बोलायला लागला, आणि बोलताना बाबांचीच वाक्यं बोलायला लागला. "छत आपलं, ऊन फुकटचं." बाबा चहाचा कागदी कप हातात धरून खांबाजवळ उभे. कोणी म्हणालं, "बबनभाऊ, तुमचं काय मत?" तर म्हणाले, "माझं काय मत असणार. मी तर पेट्रोलवाला माणूस."

ऑक्टोबरमध्ये बाबांनी मोबाइलवर सूर्याचं अॅप घेतलं. कोणत्या तारखेला, किती वाजता, सूर्य कुठे, ते दाखवणारं. दोन रविवार गच्चीवर काठी, टेप आणि मी. मी टेपचं टोक धरून उभी. "बाबा, ये क्या कर रहे हो?"

"टाकी बसवायची आहे. नवीन."

"टाकीला सूर्य काहून लागतो?"

"तू टेप सरळ धर."

मला कळलं होतं. सांगून टाकते, मला तेव्हाच कळलं होतं, आणि मजाही येत होती. त्यांच्या घरी एसी होता आणि आमच्याकडे नव्हता, हे एवढं कारण मला तेव्हा पुरत होतं.

दिवाळीआधी टाकी आली. दोन हजार लिटरची, काळी, नऊ फुटी लोखंडी स्टँडवर, उत्तरेच्या कठड्याला अगदी चिकटून. आई खाली अंगणात मान वर करून उभी राहिली. "अहो, एवढी उंच काहून?"

"प्रेशर येतं."

"आपण तीन माणसं. दोन हजार लिटर?"

"पाहुणे येतात."

"कोण येतं? सव्वीस वर्षांत तुमचा मामा आला फक्त, अन् तोही आंघोळ न करता गेला."

बाबा प्रेशर या शब्दावर ठाम राहिले. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कलला, आणि अॅपमध्ये होतं तसं अकराच्या सुमारास टाकीची सावली कठडा ओलांडून पलीकडे गेली. दीड वाजेपर्यंत ती पॅनलवरून सावकाश, दुपारी जेवून शतपावली करणाऱ्या माणसासारखी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत राहिली. तेव्हा सतीशकाका कार्यालयात असत. रविवारी विहारात असत. घरी मालिनीकाकू, आणि त्या कशाला गच्चीवर जाऊन पॅनल बघतील.

डिसेंबरच्या बिलानंतर काका कठड्यावर आले, बिल हातात. "जय भीम, भाऊ. जरा सांगा ना, युनिट एवढे कमी काहून होऊन राहिले?"

आता गंमत बघा. बाबांनी बिल घेतलं, चष्मा लावला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज परत आला. "हे बघ सतीश, लखनऊचं धुकं. सूर्य दिसतो पण ताकद नसते त्याच्यात."

"पण शेजारच्या गल्लीत ज्यांनी लावलं त्यांचे एवढे नाही पडले."

"धूळ. कानपूर रोडची धूळ आहे ना, चिकट असते. धुवून घे, सकाळी, ऊन तापायच्या आधी."

काका दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला बादली घेऊन गच्चीवर. धुकं असं की हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती, आणि त्यात काका मफलर बांधून पॅनल पुसताहेत. मालिनीकाकू खालून ओरडायच्या, "अहो, बोटं गळून पडतील!" काका म्हणायचे, "बबनभाऊंनी सांगितलं आहे." मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की त्यांचे लाल झालेले हात दिसायचे. मजा तेव्हा कमी व्हायला लागली. पण बाबांची वाढत होती. काका रोज संध्याकाळी येत, बाबा निळी फाइल काढत, आई दोनदा चहा करी, आणि मालिनीकाकू म्हणत, "भाऊजी, तुमच्यासारखं कोणाला कळतं यातलं." बाबा 'नाही नाही' म्हणत आणि खुर्चीत पसरून बसत. इतके खूश मी त्यांना प्रमोशनच्या वेळीही बघितलं नव्हतं. विहारातही काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मले काय कळतं, भाऊंना विचारा."

एका रात्री आईने विचारलं, "खरं कारण सांगून टाका ना आता त्याला." म्हणजे तिलाही माहीत होतं. बाबा म्हणाले, "कोणतं खरं कारण?" आणि दिवा मालवला.

जानेवारीच्या शेवटी धुकं संपलं, लख्ख ऊन पडलं, आणि युनिट तरी वाढेनात. तेव्हा काकांनी पॅनल बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. रविवार, दहाची वेळ. काका कठड्यावरून म्हणाले, "भाऊ, तुम्ही पण या. तुम्ही असले म्हणजे मले धीर येतो." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल बगलेत मारून, कठडा ओलांडून गेले. मी त्यांच्या मागे. त्या गच्चीवर काका, काकू, आम्ही दोघं आणि तो इंजिनिअर, जेमतेम पंचवीसचा, कानात ब्लूटूथ.

त्याने पॅनलची वीज घरात सोडणारा इन्व्हर्टर उघडला, बंद केला, दोन बटणं दाबली. मग असा उसासा सोडला की जणू घरात कोणी आजारी आहे. "देखिए अंकल जी, हम बता रहे हैं, बोर्ड गया है इसका. वोल्टेज ऊपर-नीचे हुआ है, लखनऊ की लाइट तो आप जानते ही हैं. ये गारंटी में नहीं आएगा. नया इन्वर्टर लगेगा."

काकांचा चेहरा उतरला. बाबा पुढे झाले. "एक मिनिट. बोर्ड गया तो सुबह में इतना करंट काहे को दिखा रहा है?" बाबांची हिंदी सव्वीस वर्षांनंतरही उमरेडच्या स्टँडवरच उतरते.

"अंकल, ये टेक्निकल चीज़ है. आप टेंशन मत लीजिए."

"टेक्निकल? मैं बीस साल से पढ़ के रहा हूँ." बाबांनी फाइल उघडली.

पोरगा हसला. वाईट नाही, गोडच हसला, म्हणून जास्त लागलं. "अंकल, अख़बार से सोलर नहीं चलता ना."

आणि तेव्हा सतीशकाका हळूच बाबांच्या दंडाला हात लावून म्हणाले, "भाऊ, राहू द्या. साहेबांना बोलू द्या. ते शिकलेले आहेत, त्यांना माहीत आहे."

मी बाबांकडे बघत होते. नुसत्या फिक्स चार्जचं बिल आलं तेव्हा, एसी लागला तेव्हा, चहाचा कप घेऊन खांबाजवळ उभे होते तेव्हा जो चेहरा होता, तो सगळा एकत्र आला. पंचवीस वर्षांचं पोरगं, कानात ब्लूटूथ, आणि सतीश त्याचं ऐकणार!

"क्या माहीत है इसको?" बाबा गरजले. "बोर्ड का काय का? छाया है, छाया! सब पॅनल एक लाइन में जोड़ेले हैं. एक पे छाया गिरी तो पूरी लाइन बैठती है. पाइप को एक जगह दाबा तो आगे पानी जाता क्या? ग्यारह को आती है, डेढ़ तक रहती है. तू दस बजे आ के मशीन देखता है! कोणी केलं बे तुला इंजिनिअर?"

इंजिनिअर गच्चीभर बघत म्हणाला, "छाया? किसकी छाया अंकल? यहाँ तो कुछ है नहीं."

बाबांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. सतीशकाकांनी आधी पॅनलकडे बघितलं, मग आकाशात, मग हळूहळू मान वळवून आमच्या गच्चीकडे. नऊ फुटी स्टँड, दोन हजार लिटर.

"अकराला येते म्हणता?" काका म्हणाले.

"हो."

"मग बसू अकरापर्यंत."

मी आयुष्यात एवढा लांब पाऊण तास बघितलेला नाही. मालिनीकाकूंनी सगळ्यांना चटई टाकली, पण चहा केला नाही. इंजिनिअर मोबाइलवर कोणाला तरी "हाँ भैया, यहीं सरोजिनी नगर में फँसे हैं" असं सांगत होता. बाबा फाइल मांडीवर घेऊन बसले, एकही पान न उलटता. अकराला आठ मिनिटं असताना सावलीचा काळा ओठ कठड्यावरून खाली उतरला. पाच मिनिटांनी पहिल्या पॅनलच्या कोपऱ्याला लागला. इन्व्हर्टरवरचा आकडा पडला, मग अजून पडला, आणि इंजिनिअर म्हणाला, "अरे वाह अंकल! बिल्कुल सही पकड़ा आपने!"

हे कौतुक बाबांना इतके महिने हवं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊ," काका म्हणाले, "मुद्दाम?"

खोटं बोलायला बाबांकडे प्रेशर होतं, पाहुणे होते. "मुद्दाम," ते म्हणाले.

काका उठले, इंजिनिअरच्या हातात येण्या-जाण्याचे पैसे ठेवले आणि जिन्याने खाली गेले. मालिनीकाकू चटई गुंडाळताना एवढंच म्हणाल्या, "सकाळी सातला बादली घेऊन चढत होते हो ते. तुमच्या सांगण्यावरून."

नऊ दिवस कठड्यावर कोणी 'जय भीम' म्हटलं नाही. काका आता बिनआवाजाच्या स्कूटरवर आमच्या दारासमोरून जात आणि खरोखर चोरासारखे वाटत ते आम्ही. रविवारी बाबा विहारात गेले नाहीत. आई म्हणाली, "आता जा की नागपूरला. प्लॉट आहे, बाभळी आहेत, एकाही बाभळीकडे सोलर नाही." बाबा ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. सकाळी तेलाचा भाव न बघता चूळ भरली त्यांनी. मी बघितलं, भाव वाढला होता.

दहाव्या दिवशी सुट्टी टाकून बाबांनी टाकीचा खालचा नळ सोडला. दोन हजार लिटर पाणी पन्हाळीतून गल्लीत. पलीकडच्या गच्चीवर सतीशकाका आले, दाढी अर्धी झालेली, गालावर फेस.

"पाणी काहून सोडून राहिले?"

"टाकी हलवतो."

"एकटे?"

"प्लंबर येतो म्हणाला."

"तो काय येते. कालपासून माझ्याकडे पण येतो म्हणून राहिला." काका फेस पुसून कठडा ओलांडून आमच्या गच्चीवर आले. दक्षिणेच्या टोकाला बाबांनी विटांचा बुटका ओटा करून ठेवला होता आणि फरशीवर खडूने एक रेघ मारली होती.

"ही काय?"

"एकवीस डिसेंबरची सावली. वर्षातली सगळ्यात लांब. ओट्यावर ठेवली तर इथपर्यंतच येते, कठड्याला लागत नाही."

काका त्या रेघेकडे बघत राहिले. "हे गणित तुम्ही आधी पण केलं होतं. उलटं."

"हो."

"बरोबर आलं होतं तेही."

"हो."

"विहारात सगळे तुमचं ऐकायचे भाऊ," काका म्हणाले. "वीस वर्षं मी मागच्या रांगेत बसून विचार करायचो, आपल्याला कोणी एक प्रश्न तरी विचारेल का. एक वर्ष विचारला. तेवढंही नाही पाहवलं तुम्हाला."

बाबा स्टँडवर चढले, टाकीची दोरी सैल केली आणि वरून कडा धरली. रिकामी टाकी हलकी, पण मोठी, दोन माणसांशिवाय उतरत नाही. काका खाली हात वर करून उभे राहिले.

"जय भीम मी आज नाही म्हणणार," काका म्हणाले.

"नको म्हणू. खालून धर. डावीकडे घे, डावीकडे!"

"मले शिकवू नका, भाऊ. धरली आहे मी."